संत्र्यांचा गेम बनवून राहिली, पण क्लासचाच गुंता झाला

संत्राबर्फी

नमस्कार मंडळी. नागपूरहून, बीसीए दुसरं वर्ष. मिनी प्रोजेक्टसाठी ब्राउजरमधला एक गेम बनवून राहिली, एकदम साधा आहे, वरून संत्री पडतात, खाली टोपली, बाणाच्या बटनांनी टोपली सरकवायची अन् झेलायची. चांगलं संत्रं झेललं की १० गुण, सडकं झेललं की ५ वजा, गोटा झेलला की एक जीव गेला, अन् चांगलं संत्रं जमिनीवर पडलं तरी एक जीव गेला. जीव तीन. पुढे फांदीवरून गोटे फेकणारं माकड पण टाकायचं आहे. कॅनव्हास (चित्र काढायचा पडदा) ८०० बाय ६०० पिक्सेल. लायब्ररी कोणतीच नाही, साधी जावास्क्रिप्ट, कारण सरांनी सांगितलंय की ऑब्जेक्ट ओरिएंटेडच करायचं अन् व्हायवाला त्यावरच विचारणार.

आता माझे क्लास बघा (क्लास म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, एकातून दुसरा काढला की पहिल्याचं सगळं त्याला वारशाने मिळतं). सगळ्यात वर हलणारीवस्तू, तिच्यातून पडणारीवस्तू, तिच्यातून फळ, फळातून संत्रं, संत्र्यातून सडकंसंत्रं अन् सोनेरीसंत्रं. गोटा अन् पान हे पडणारीवस्तूतून. (हो, नावं मराठीतच दिली आहेत, चालतात, करून बघा.) कागदावर काढलं तेव्हा झाड इतकं छान दिसून राहिलं होतं की मी वहीत रंगवलं पण. मग वाटलं सोनेरी संत्रं सरळ न पडता डोलत डोलत पडावं, म्हणजे झेलायला कठीण. अन् पान तर डोलतच पडतं. आता हे डोलणं कुठे टाकू? फळात टाकलं तर पानाला मिळत नाही, पडणारीवस्तूमध्ये टाकलं तर गोटा पण डोलायला लागतो, अन् दोन्हीकडे कॉपी केलं तर सर म्हणतील मग वारसा कायले केला. दोन आईबाप द्यायचे म्हटलं तर जावास्क्रिप्टमध्ये एक्स्टेंड्स, म्हणजे वारसा, एकाचाच घेता येतो.

दुसरं म्हणजे माझ्या लॅपटॉपवर गेम बरोबर चालते, पण मावसभावाच्या गेमिंग लॅपटॉपवर संत्री अशी पडतात जसं कोणी वरून पोतं ओतून राहिलं. कोड तोच, ब्राउजर तोच.

तिसरं, एक संत्रं झेललं की बाजूचं दुसरं संत्रं क्षणभर गायब होऊन परत येतं. दरवेळी नाही, पण होतं.

व्हायवा पुढच्या शुक्रवारी आहे. ४८० ओळी झाल्या अन् मलेच समजून नाही राहिलं कोणतं कुठे आहे. कोणी मार्ग दाखवा.

तर्रीवाला

भाऊ, दुसऱ्या प्रश्नाचं आधी घे, कारण ते सोपं आहे अन् नव्वद टक्के लोकांच्या पहिल्या गेममध्ये हेच होतं, माझ्या पण झालं होतं.

तू नक्की असं लिहिलं असशील की दर फ्रेमला (पडद्यावर दरवेळी जे नवं चित्र निघतं ती फ्रेम) धिस.वाय += ४, म्हणजे हे संत्रं ४ पिक्सेल खाली. आता रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम काय करतं, तर स्क्रीन जितक्या वेळा ताजी होते तितक्या वेळा तुझं फंक्शन बोलावतं. तुझा लॅपटॉप ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे संत्रं सेकंदाला २४० पिक्सेल पडलं, ६०० पिक्सेल उतरायला अडीच सेकंद. भावाचा लॅपटॉप १४४ हर्ट्झचा असणार, तिथे तेच संत्रं सेकंदाला ५७६ पिक्सेल, एका सेकंदात जमिनीवर. कोडचा काही दोष नाही, तू वेगच फ्रेममध्ये मोजला.

वेग सेकंदात मोज. संत्र्याचा वेग २४०, बस. अन् रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम तुझ्या फंक्शनला वेळ पाठवतोच, मिलिसेकंदात, त्यातून मागच्या फ्रेमची वेळ वजा कर, हजाराने भाग, तो झाला डीटी. मग वाय += वेग गुणिले डीटी. स्क्रीन कोणतीही असो, अडीच सेकंद म्हणजे अडीच सेकंद.

दोन खड्डे आहेत यात, दोन्हीत मी पडलो आहे. पहिल्या फ्रेमला मागची वेळ नसतेच, अनडिफाइन्ड असते, त्यातून वजाबाकी केली की येतो नॅन (म्हणजे आकडाच नाही), अन् एकदा वायमध्ये नॅन शिरला की ते संत्रं कुठेच दिसत नाही अन् एरर पण येत नाही, माणूस रात्रभर चित्राची फाइल तपासत बसतो. दुसरा, टॅब बदलला की रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम थांबतो. तू तिकडे दोन मिनिटं व्हिडिओ बघून परत आली की डीटी येतो १२० सेकंद अन् सगळी संत्री एका उडीत जमिनीच्या खाली, तिन्ही जीव खलास. म्हणून डीटीला झाकण लाव, ०.०५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. वेग २४० असताना ०.०५ म्हणजे एका फ्रेमला जास्तीत जास्त १२ पिक्सेल, टोपली ४० पिक्सेल उंच असेल तर संत्रं तिच्यातून आरपार उडी मारून जाऊ शकत नाही, हा पण फायदा झाला.

अन् कोणी सांगेल सेटइंटरव्हल १६ लाव, तर नको लावू. तो स्क्रीनच्या तालात नसतो, झटके देतो.

गंमत म्हणून सांगतो, १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये हाच प्रकार होता. पडद्यावर ५५ परग्रहवाले, बिचाऱ्या प्रोसेसरला सगळ्यांची चित्रं काढायला वेळ लागायचा, जसे जसे मरत गेले तसं काम कमी, उरलेले जोरात पळायला लागले. बनवणाऱ्याने म्हटलं राहू दे, मजा येऊन राहिली. त्यांचं मशीन एकच होतं म्हणून खपलं. तुझ्या गेमला दहा मशीनवर चालायचं आहे.

संत्राबर्फी

भाऊ नाही हो, ताई म्हणा 😄 तुम्ही पण अर्ध्यात "आली" लिहिलं अन् अर्ध्यात भाऊ.

डीटी लावला. पहिल्यांदा सगळं गायब झालं, नॅन, तुम्ही सांगितलं होतं तरी पडलीच त्या खड्ड्यात. आता चालून राहिलं. पण क्लासचं काय करू?

जुना मास्तर

बाळ, मी पॉलिटेक्निकला बरीच वर्षं हाच विषय शिकवला, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडा दोष माझ्यासारख्यांचाच. आम्ही फळ्यावर प्राणी, त्यातून कुत्रा अन् मांजर असं काढतो अन् मुलांना वाटतं की ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे जगातल्या वस्तूंची वंशावळ काढणं. संत्रं हे फळ आहे हे वनस्पतीशास्त्रात खरं आहे, पण तुझ्या गेममध्ये फळ नावाच्या क्लासला काही काम आहे का? उघडून बघ. मला खात्री आहे की त्यात रिकामा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट जन्मताना चालणारा कोड) अन् सुपरला, म्हणजे वरच्या क्लासला, हाक, एवढंच असेल.

आता सडक्या संत्र्याकडे ये. तू ते संत्र्यातून घेतलंस. संत्रं जमिनीवर पडलं की जीव जातो, हा संत्र्याचा नियम, तो सडक्यालाही वारशाने आला. पण सडकं पडलं तर काही व्हायला नको. मग तू काय केलं असशील, सडक्यामध्ये पडल्यावर ही मेथड (क्लासच्या आतलं फंक्शन) पुन्हा लिहिली असशील अन् आत काहीच नाही, रिकामे कंस. बरोबर? म्हणजे आधी सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवलं अन् लगेच तहसीलात जाऊन हक्कसोडपत्र लिहून दिलं. असं जिथे करावं लागतं तिथे नातं लावतानाच चूक झालेली असते. सडकं संत्रं बाजारात संत्र्याचा भाऊ असेल, तुझ्या गेममध्ये ते गोट्याच्या जास्त जवळचं आहे, दोघंही झेलायचे नाहीत.

वस्तू काय *आहे* हे विचारू नकोस, खेळ तिला काय काय *सांगतो* ते विचार. तुझ्या खेळाला दर फ्रेमला एवढंच म्हणायचं असतं: पुढे सरक, स्वतःचं चित्र काढ. अन् प्रसंग आला तर: तुला झेललं, किंवा तू जमिनीवर पडलीस. चार मेथड. ज्याला या चार हाका समजतात तो खेळाच्या यादीत बसू शकतो, मग तो संत्रं असो, गोटा असो, की उद्या तू आकाशातून चपला पाडशील. खेळाने कधीही विचारायचं नाही की तू संत्रं आहेस का रे. तुझ्या खेळ क्लासमध्ये जर प्रकार संत्रं असेल तर हे, नाहीतर गोटा असेल तर ते, अशी लांब इफची माळ असेल तर ती तोडून प्रत्येक वस्तूच्या झेलल्यावर या मेथडमध्ये टाक. पॉलिमॉर्फिझम म्हणतात तो हाच. व्हायवाला व्याख्या म्हणण्यापेक्षा ही तुटलेली माळ दाखव.

डोलण्याबद्दल. डोलणं ही वस्तूची जात नाही, चाल आहे. म्हणून चाल हाच वेगळा ऑब्जेक्ट कर. सरळचाल म्हणजे फक्त वाय वाढवणारी, डोलणारीचाल म्हणजे वाय तर वाढवतेच, शिवाय एक्सला मूळ जागेपासून साइनने इकडे तिकडे नेते, वेळ गुणिले गती याचा साइन, त्याला डोलण्याच्या रुंदीने गुणायचं. वस्तू जन्माला घालताना तिच्या हातात चाल द्यायची. सोनेरी संत्र्याला डोलणारी, पानाला डोलणारी पण जास्त रुंद अन् सावकाश, गोट्याला सरळ. पुढे सरक म्हटलं की वस्तू आपल्या चालीला सांगते, तू बघ. वस्तूला चाल *असते*, वस्तू चाल *नसते*. एवढ्या एका क्रियापदात तुझा सगळा गुंता आहे.

क्लासद्वेष्टा

मास्तरांचा आदर आहे पण सर अजून पण जास्त क्लास होऊन राहिले हे. संत्रं, सडकं, सोनेरी, गोटा यांच्यात फरक काय आहे सांगा बरं? गुण वेगळे, वेग वेगळा, चित्र वेगळं, झेलल्यावर जीव जातो का, पडल्यावर जीव जातो का. हे सगळे आकडे आहेत. आकड्यांसाठी क्लास काऊन पाहिजे? चार ओळींचं टेबल लिहा. संत्रं: गुण १०, वेग २४०, पडल्यास जीव १. सडकं: गुण वजा ५, वेग २४०, पडल्यास जीव ०. गोटा: गुण ०, वेग ३२०, झेलल्यास जीव १. क्लास एकच, वस्तू, तिला टेबलातली ओळ द्या. उद्या गेम कठीण वाटली तर एका जागी आकडा बदलला की झालं, सहा फाइली उघडायला नको. अन् तसंही जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द २०१५ मध्ये आला, भाषा १९९५ ची, वीस वर्षं लोकांनी क्लास न लिहिताच गेमा बनवल्या. आत अजून पण प्रोटोटाइपच (एका ऑब्जेक्टने दुसऱ्याच्या मेथड वापरायची जुनी पद्धत) आहे, वरून क्लासचा वर्ख लावला आहे.

जुना मास्तर

टेबलाचं पटलं, ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. फरक नुसत्या आकड्याचा असेल तर क्लास काढू नये, हे मी लिहायला हवं होतं. पण वागण्याचा फरक टेबलात कोंबायला गेलात की टेबलात डोलतेका, फुटतेका, माकडाकडे परत जातेका असे खोटे-खरे रकाने वाढत जातात अन् तीच इफची माळ मागच्या दाराने परत येते. आकडे टेबलात, वागणं ऑब्जेक्टमध्ये. वर्खाबद्दल म्हणाल तर बर्फी वर्खावरूनच ओळखतात हो, परीक्षक पण.

काटोलकर

आमचं घरचं संत्र्याचं आहे, काटोलकडे. ताई तुझी गेम आम्हाला खेळून होत नाही, आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो अन् पावसाळ्यात फळगळ सुरू झाली की आमचे बाबा रोज सकाळी हीच गेम खेळतात, फक्त टोपली नसते अन् जीव एकच असतो.

तर तिसऱ्या प्रश्नाचं कोणीच नाही सांगितलं म्हणून मी सांगतो. बाजूचं संत्रं क्षणभर गायब होतं ना, तू यादीवर फॉरईच (एकेका वस्तूवरून जाणारा लूप) फिरवून राहिली असशील अन् त्याच्याच आतून झेललेलं संत्रं स्प्लाइसने यादीतून काढून राहिली असशील. समज यादीत पाच आहेत, तिसऱ्या नंबरचं झेललं, काढलं, आता चौथं सरकून तिसऱ्या जागेवर आलं, पण फॉरईच तर पुढे चौथ्या जागेवर गेला. म्हणजे सरकून आलेल्याला त्या फ्रेमला कोणी विचारलंच नाही, ना सरकवलं ना त्याचं चित्र काढलं. एक फ्रेम दिसलं नाही म्हणून डोळ्याला लुकलुकल्यासारखं वाटतं. आम्ही तोडा करताना पण एकाने मधूनच कॅरेट (फळांचा क्रेट) उचलला की मोजणारा चुकतो, तसंच.

मोजता मोजता उचलायचं नाही. झेललेल्या वस्तूवर फक्त खूण कर, संपली = खरं, अन् फ्रेमच्या शेवटी एकदाच फिल्टर मारून संपलेल्या बाहेर काढ. उलट्या क्रमाने फोर लूप लावला तरी चालतं पण खूण करणं साफ वाटतं, अन् वस्तू स्वतःच म्हणते मी संपली, खेळाला तिच्या आत हात घालायला नको, म्हणजे मास्तर म्हणतात तसं पण होऊन जातं.

अजून एक, झेलण्याचं कसं तपासते तू? पूर्ण चौकोनाला चौकोन लावला असेल तर टोपलीच्या बाजूला संत्रं घासलं तरी झेललं म्हणून मोजते अन् ते विचित्र दिसतं. संत्र्याचा खालचा मधला बिंदू टोपलीच्या तोंडाच्या पट्टीत आला का एवढंच बघ. गोट्यासाठी मात्र पट्टी थोडी अरुंद ठेव. खेळणाऱ्याला चांगल्या वस्तूत सूट द्यायची अन् वाईट वस्तूत पण सूट द्यायची, मग त्याला वाटते मीच हुशार.

संत्राबर्फी

तिघांचे, नाही चौघांचे आभार. काल रात्री बसली अन् सगळं पाडून परत बांधलं. आता फळ गेलं, हलणारीवस्तू गेली, सडकंसंत्रं गेलं. एकच वस्तू क्लास, प्रकारांचं टेबल, अन् चाल. चालीचा एक आईक्लास ठेवला अन् त्यातून सरळचाल अन् डोलणारीचाल, म्हणजे सरांना वारसा पण दाखवता येतो. ४८० च्या ३१० ओळी झाल्या. लुकलुकणं बंद. पानासाठी टेबलात एक ओळ टाकली, दोन मिनिटं लागली, मागच्या वेळी पानालाच अख्खी दुपार गेली होती.

मधेच एक भयानक झालं ते सांगते, मराठी नावं देणाऱ्यांनी ऐका. यादीचं नाव होतं पडणाऱ्यावस्तू. घरी लिहिलं तेव्हा चाललं, कॉलेजच्या लॅबमध्ये त्याच फाइलीत अजून एक ओळ टाकली तर एरर, पडणाऱ्यावस्तू डिफाइन्ड नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच! दीड तास गेला. शेवटी कळलं की घरच्या कीबोर्डवर तो अर्धा र वेगळ्या अक्षराने बनतो, टिंबवाला ऱ, अन् लॅबमधल्यात साधा र, हलंत अन् मधे एक न दिसणारं जोडणारं अक्षर. जावास्क्रिप्टला ती दोन वेगळी नावं वाटतात. आता नाव साधं वस्तूयादी ठेवलं, त्यात ऱ्या बिऱ्या काही नाही.

पण नवीन भूत निघालं. खेळता खेळता मधेच पुन्हा सुरू हे बटन दाबलं की गेम नव्याने सुरू होते, बरोबर चालते, गुण बरोबर, अन् थोड्या वेळाने तिन्ही जीव शिल्लक असताना एकदम गेम ओव्हरची पाटी येते. मी एकही संत्रं सोडलं नाही! गेम संपल्यावर बटन दाबलं तर असं होत नाही, फक्त मधेच दाबलं तर. बटनामध्ये फक्त न्यू खेळ() केलं आहे अन् सुरू() बोलावलं आहे.

तर्रीवाला

हाहा, ताई, भूतच आहे ते. जुना खेळ मेलाच नाही. तू न्यू खेळ केलं म्हणजे दुसरा ऑब्जेक्ट जन्मला, पण पहिल्याचा लूप अजून फिरून राहिला, दर फ्रेमला तो स्वतःलाच परत बोलावतो ना. एकाच कॅनव्हासवर दोघं खेळून राहिले. जुना आधी चित्र काढतो, नवा येऊन सगळं पुसून आपलं काढतो, म्हणून तुला फक्त नवाच दिसतो. पण जुन्याची संत्री मागे पडूनच राहिली, टोपली तुझ्या बटनांनी नव्या खेळासाठी हलते, जुन्याची संत्री भलतीकडेच, त्याचे तीन जीव गेले की तो इमानदारीत पाटी लावतो. बिचाऱ्याची पाटी खरी आहे, फक्त त्याची आहे.

नीट करायचं तर खेळ क्लासला बंद करायची एक मेथड दे. त्यात कॅन्सल ॲनिमेशन फ्रेम करायचं, त्यासाठी दरवेळी रिक्वेस्ट जो नंबर देतो तो जपून ठेवावा लागतो, अन् कीबोर्डचे लिसनर (बटन दाबलं की चालणारी फंक्शनं) काढायचे. अन् इथे सांभाळ. तू लिसनर लावताना धिस.बटनदाबलं.बाइंड(धिस) असं दिलं असशील, काढताना पण तसंच लिहिशील, तर ते निघणार नाही. बाइंड दरवेळी नवीन फंक्शन बनवून देतो, लावलेलं वेगळं अन् काढायला दिलेलं वेगळं, ब्राउजर म्हणतो असं कोणी लावलंच नव्हतं, अन् गप्प बसतो, एरर पण देत नाही. म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये एकदाच बाइंड करून धिसवर ठेव, अन् लावताना काढताना तेच वापर.

बाइंड मुळात कायले लागतो हे व्हायवाला विचारतीलच, तर सांगून ठेवतो. तू मेथड उचलून ब्राउजरला दिली की ती ऑब्जेक्टपासून तुटते, रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमला धिस.लूप असं नुसतं दिलं तर आत धिस (म्हणजे ज्याची मेथड तो ऑब्जेक्ट) अनडिफाइन्ड येतो, कारण क्लासच्या आतला कोड स्ट्रिक्ट मोडमध्येच, म्हणजे कडक नियमांनीच, चालतो. कोणाचं काम हे त्याला माहीतच नाही. बाइंड म्हणजे पार्सलवर पत्ता लिहून देणं. ॲरो फंक्शन लिहिलं तरी चालतं.

क्लासद्वेष्टा

किंवा नवा खेळ बनवूच नको, एकच ठेव अन् रीसेट() मध्ये यादी रिकामी, गुण शून्य, जीव तीन. भूतच नाही तर उतारा कायले.

तर्रीवाला

हे पण बरोबर आहे अन् खरं सांगायचं तर मी पण असंच करतो. पण तिथे दुसरं भूत असतं, रीसेट करताना एखादी गोष्ट विसरली की मागच्या डावातून पुढे येते, उदाहरणार्थ वाढलेला वेग. नवा ऑब्जेक्ट म्हणजे पाटी कोरी याची खात्री असते. ताईने ठरवावं.

काटोलकर

बंद करणाऱ्या मेथडचं नाव मारबत ठेव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीचा पुतळा मिरवत नेताना ओरडतो ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत. जुना लूप, जुने लिसनर, सगळं घेऊन जा.

जुना मास्तर

नाव गमतीचं ठेव, पण वर एक ओळ टिप्पणी लिही. परीक्षक नागपूरबाहेरचा आला तर अर्धा व्हायवा मारबतवर जाईल. तसा तो वाईट नाही जाणार म्हणा.

अन् गुण हे क्षेत्र खासगी कर, नावाआधी हॅशचं चिन्ह, २०२२ पासून भाषेतच आहे. बाहेरून फक्त गुणवाढव() ने बदलता येईल. एनकॅप्सुलेशन विचारलं की दाखवायला होतं.

संत्राबर्फी

सर तुम्ही हे लिहिलं अन् तेवढ्यात मावसभावाने ब्राउजरचा कन्सोल (कोड टाइप करून चालवायची खिडकी) उघडून खेळ.गुण = ९९९९९ टाइप करून मले स्क्रीनशॉट पाठवला, पहिला नंबर म्हणे. हॅश लावलं. आता तो खेळ.गुणवाढव(९९९९९) करून राहिला. तर स्क्रिप्टला मॉड्यूल (ज्यातली नावं आतच राहतात अशी फाइल) केलं म्हणजे खेळ हे नाव बाहेर दिसतच नाही, पण मग फाइल डबल क्लिक करून उघडली तर गेम सुरूच होईना, मॉड्यूलला लोकल सर्व्हर लागतो हे तेव्हा कळलं. एडिटरमध्ये लाइव्ह सर्व्हर होता, त्यावर चाललं. लॅबमध्ये तो नसेल तर म्हणून पेनड्राइव्हवर मॉड्यूलवाली अन् आधीची साधी, दोन्ही फाइली ठेवल्या आहेत.

नवाच ऑब्जेक्ट बनवते अन् आधीच्याला मारबत() देते, असं ठरवलं. बाइंड कन्स्ट्रक्टरमध्ये नेला. मधेच वीस वेळा पुन्हा सुरू दाबून बघितलं, एकदाही भुताची पाटी आली नाही. भावाच्या लॅपटॉपवर मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजलं, संत्रं वरून खाली, अडीच सेकंद, माझ्याकडे पण अडीच.

वहीतलं रंगवलेलं झाड मात्र फाडलं नाही, ते रिपोर्टमध्ये आधीची रचना म्हणून लावते. माकडाने फांदीवरून गोटे फेकायचे होते ते राहिलं, ते व्हायवा झाल्यावर. सध्या फांदीवर नुसतं बसून आहे, पुढेसरक() म्हटलं तरी काहीच करत नाही.